एचपी पुढे की लेनोव्हो? पीसी कंपन्यांचा वाटा आणि वाढ यांवरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कॉम्प्युटरच्या धंद्यात असलेल्यांसाठी आणि त्यावर नुसताच वाद घालणाऱ्यांसाठी हे पान आहे. लॅपटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, त्याच्याबरोबर आलेले 'मला यातलं कळतंय' म्हणणारे भावोजी आणि काउंटरवरचा पोरगा, तिघांकडे तीन वेगळे आकडे असतात. गंमत म्हणजे तिन्ही कुठेतरी छापून आलेले असतात आणि बहुतेक वेळा तिन्ही बरोबर असतात. भांडण होतं ते आकडा कुणी काढला, कशाचा काढला आणि कुठल्या काळाशी ताडून काढला, हे कुणी विचारत नाही म्हणून.

मार्केट शेअर म्हणजे नेमका कशाचा वाटा?

बातमीत काही वेगळं सांगितलं नसेल तर नगांचा. एका तिमाहीत किंवा वर्षात सगळ्या कंपन्यांनी मिळून जेवढे डेस्कटॉप आणि लॅपटॉप बाजारात पाठवले, त्यातले एका कंपनीचे किती, याची टक्केवारी. बाजार मोजणाऱ्या आयडीसी या संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगभरात २६ कोटींहून थोडे जास्त नग गेले. त्यात लेनोव्हो २३ ते २४ टक्के, एचपी २० च्या आसपास, डेल १५ च्या आसपास, ॲपल ९ च्या आत आणि असूस ७ च्या जवळ. उरलेल्यात एसर आणि बाकीचे सगळे.

२५ हजारांचा लॅपटॉप आणि अडीच लाखांचा लॅपटॉप या मोजणीत सारखेच, एक-एक नग. पैशांत वाटा काढला तर क्रम बदलू शकतो. आज घराघरांत चालू असलेल्या मशिनींचा वाटा ही तिसरीच गोष्ट. वाद सुरू करण्याआधी यातलं कुठलं बोलताय ते ठरवून घ्या. निम्मे वाद तिथेच मिटतात, असा अनुभव आहे.

"इतके कोटी लॅपटॉप विकले" म्हणतात, ते कुणी कुणाला विकले?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

बातमीत 'विक्री' असं छापलेलं असलं तरी मूळ अहवालात बहुतेक वेळा 'शिपमेंट' असतं. म्हणजे कंपनीकडून निघून वितरकाकडे, मोठ्या दुकानसाखळीकडे किंवा थेट मोठ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला माल. खडेबाजारातल्या दुकानात खोकं आलं, फळीवर चढलं, धूळ खात बसलं, तरी कंपनीच्या खात्यावर ते 'गेलं'च. साखर कारखान्यातून पोती बाहेर पडली म्हणजे ती सगळी चहात पडली असं होत नाही, तसलाच हा प्रकार.

हे दुकानदाराला सांगावं लागत नाही, तो ते भोगत असतो. तिमाही संपायला चार दिवस उरले की एरिया मॅनेजरचा फोन येतो : "अजून दहा नग उचला की वो, स्लॅब थोडक्यात चुकालाय, स्कीम कशाला सोडता?" दुकानदार हिशेब करतो. दहा नग उचलले तर सवलतीचा वरचा टप्पा (स्लॅब) गाठला जातो आणि आधीच्या मालावरचीही क्रेडिट नोट, म्हणजे कंपनीकडून परत मिळणारी सूट, वाढते. उचलतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उचललेला हा माल जूनमध्ये कॉलेजं सुरू झाल्यावर निघतो. अहवालात मात्र जानेवारी ते मार्चची तिमाही जोरात आणि एप्रिल ते जूनची मंद दिसते. गिऱ्हाइकानं काहीच वेगळं केलेलं नसतं.

जगाच्या पातळीवर हेच २०२२ आणि २०२३ मध्ये फार मोठ्या आकारात घडलं. कोरोनाकाळात मागणी इतकी होती की माल मिळत नव्हता, म्हणून साखळीतल्या प्रत्येकानं जास्तीच्या ऑर्डरी टाकल्या. माल हाताशी आला तोवर मागणी ओसरलेली. गोदामं भरली. मग कित्येक महिने कंपन्यांकडून निघणारा माल आटला, कारण आधीचाच संपायचा होता. त्या काळात 'पीसीची विक्री कोसळली' म्हणून जे मथळे आले, त्यात लोकांनी घेणं कमी केलं हा एक भाग होता आणि साखळीनं साठा उपसला हा दुसरा. नुसत्या शिपमेंटच्या आकड्यावरून हे दोन वेगळे काढता येत नाहीत.

म्हणून कुणी शिपमेंटचा आकडा तोंडावर फेकला तर एकच विचारायचं : साठा किती होता?

आयडीसी आणि गार्टनरचे आकडे जुळत का नाहीत? खोटं कोण बोलतंय?

खोटं कुणीच बोलत नाही. दोघीही बाजार मोजणाऱ्या खासगी संस्था आहेत आणि दोघींचे आकडे अंदाज आहेत. कंपन्यांची निवेदनं, वितरकांकडची माहिती, सुट्या भागांचा पुरवठा असं बरंच काही जुळवून ते काढलेले असतात. तिसरी कॅनालिस, ती आता ओम्डियात मिसळली आहे.

फरक किती पडतो पाहा. २०२३ साठी आयडीसीनं जगाची बेरीज २५.९५ कोटी दिली, गार्टनरनं २४.१८ कोटी. पावणेदोन कोटींहून जास्त तफावत. भारतात अख्ख्या वर्षात जेवढे पीसी जातात त्याहून ही तफावत मोठी आहे!

एक कारण म्हणजे 'पीसी' कुणाला म्हणायचं. कीबोर्ड सुटा होणारं मशीन, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो सारखं, आयडीसी टॅबलेटच्या खात्यात टाकते. गार्टनर ते पीसीत धरत आली आहे. क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, आयडीसी धरते. गार्टनर आधी ठळक आकड्यात धरत नव्हती, २०२२ पासून धरू लागली. आणि या एका बदलानं काय होतं त्याचा नमुना लगेच मिळाला. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत गार्टनरच्याच हिशेबानं जगाचा पीसी बाजार ६.८ टक्क्यांनी घटला, आणि क्रोमबुक बाजूला काढली तर ३.३ टक्क्यांनी वाढला. संस्था एक, तिमाही एक, निवेदनही एकच. आधीच्या वर्षी अमेरिकेतल्या शाळांनी क्रोमबुकची प्रचंड खरेदी केली होती, ती अचानक थांबली. आपल्याकडे खानापुरात क्रोमबुक कुणी पाहिलंही नसेल, पण 'पीसी बाजार घसरला' ही बातमी आपल्याही पेपरात आली.

वाद घालणाऱ्यांचा आवडता डाव असा : वाटा आयडीसीचा घ्यायचा, वाढ गार्टनरची घ्यायची आणि तिसरीकडची बेरीज लावायची. असं दिसलं की तिथल्या तिथे थांबवा. एका वादात एकच वही.

वाढ १५ टक्के झाली म्हणजे कशापेक्षा?

साधारणपणे मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा. हीच पद्धत बरी, कारण पीसीच्या धंद्याला हंगाम असतो. आपल्याकडे जूनपासून पुढे कॉलेज, इंजिनिअरिंगचे प्रवेश, मग गणपती, दसरा, दिवाळी, ऑनलाइनवाल्यांचे सेल. ऑक्टोबर ते डिसेंबरची तुलना जुलै ते सप्टेंबरशी केली तर भारतात घट दिसण्याचीच शक्यता जास्त, कारण दिवाळीचा माल कंपनीकडून आधीच निघालेला असतो.

पण मागच्या वर्षाशी केलेली तुलनाही फसवते. आयडीसीच्या हिशेबानं २०२१ मध्ये जगभरात ३४.८८ कोटी नग गेले, म्हणजे २०२० पेक्षा १४.८ टक्के वाढ. त्याआधी २०२० मध्येही १३ टक्क्यांहून जास्त वाढ झालेली होती. मग २०२२ मध्ये १६.५ टक्के घट, २०२३ मध्ये १३.९ टक्के घट, २०२४ मध्ये १ टक्का वाढ. नुसता २०२२ आणि २३ चा मथळा वाचणाऱ्याला वाटतं, धंदा बुडाला. २०२० आणि २१ ही दोन वर्षं झाकून बघा, म्हणजे बाजार कोरोनाआधी होता जवळपास तिथेच परत आलेला दिसतो.

एक हिशेब पोरांना घालून बघा. १०० नगांवर ५० टक्के वाढ, मग ५० टक्के घट. किती उरले? बरेच जण १०० म्हणतात. उरतात ७५. 'तेवढंच वाढलं, तेवढंच घटलं' म्हणणाऱ्याला हे दाखवायचं.

"ॲपल वाढालंय, एचपी बुडालंय" असं म्हणतात ते खरं का?

टिळकवाडीतल्या कॉफीच्या टेबलांवर हा वाद कायमचा. तरुण पोरांच्या हातात मॅकबुक दिसू लागले आहेत हे खरं, आणि २०२० च्या शेवटी ॲपलनं स्वतःची एम१ चिप मॅकमध्ये घातल्यापासून बॅटरी आणि वेग या दोन्ही बाबतींत गिऱ्हाईक खूश आहे हेही खरं. पण 'वाढतंय' आणि 'मोठं आहे' यांची गल्लत होते.

समजा, एक कंपनी तिमाहीत १०० नग पाठवायची, आता १२० पाठवते. वाढ २० टक्के. दुसरी १,००० पाठवायची, आता १,०३० पाठवते. वाढ ३ टक्के. मथळा पहिलीचा होणार. पण बाजारात जादा नग कुणाचे आले? पहिलीचे २०, दुसरीचे ३०. वेगाची टक्केवारी सांगणारा माणूस पायाचा आकडा सांगत नसेल तर तो एक तर घाईत आहे किंवा फार हुशार आहे.

उलट बाजूनंही बोललं पाहिजे. वीस टक्के वेग वर्षानुवर्षं टिकला तर छोटी कंपनी छोटी राहत नाही. चार वर्षांत ती दुप्पट होते. म्हणून वाढीचा आकडा टाकाऊ नाही, फक्त तो एका तिमाहीचा नको. आठ-दहा तिमाह्या सलग बाजारापेक्षा वेगानं गेली, तर त्या वाढीला मी मान देईन.

आणि ॲपलच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. ती कंपनी आपले नग सांगतच नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात तिनं जाहीर केलं की आता आयफोन, आयपॅड, मॅक यांचे नग जाहीर करणार नाही, फक्त रुपये-पैसे, म्हणजे डॉलर. तेव्हापासून 'मॅक इतके विकले' असा जो आकडा येतो तो बाहेरच्यांचा अंदाज. उत्पन्नाचा आकडा पक्का, नगांचा कच्चा. मॅकचे भाव इतरांपेक्षा चढे असल्यामुळे पैशांतला वाटा नगांच्या वाट्याहून बराच मोठा निघतो. ॲपलवाला पैशांत बोलतो, विंडोजवाला नगांत, आणि कॉफी थंड होते.

विक्री घटूनही वाटा कसा वाढतो?

बाजार जास्त घटला तर. बाजार १,००० वरून ८०० वर आला आणि तुम्ही २०० वरून १८० वर आलात. तुमची विक्री १० टक्क्यांनी घटली, वाटा २० वरून साडेबावीस टक्के झाला. साहेब बंगळूरच्या मीटिंगमध्ये वाट्याचा आलेख दाखवतात, डीलर गल्ल्याकडे बघतो.

भारतात एक नंबर कोण?

गेली बरीच वर्षं एचपी. जगात लेनोव्हो पुढे, भारतात एचपी, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आयडीसीच्या हिशेबानं २०२४ मध्ये भारतात १.४४ कोटी नग गेले, २०२३ पेक्षा ३.८ टक्के जास्त. त्यात एचपीचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास. लेनोव्हो, डेल आणि एसर यांच्यात पुढची चढाओढ, आणि ती इतकी जवळची की एखाद्या मोठ्या ऑर्डरनं क्रम बदलतो.

अशा ऑर्डरी कुठून येतात? बऱ्याचदा सरकारकडून. २०१३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारच्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्याच्या योजनेत १५ लाख नगांचं कंत्राट एचपीला मिळालं होतं. २०१९ च्या एप्रिल ते जून तिमाहीत लेनोव्हो भारतात पहिल्या नंबरावर गेली, ती तमिळनाडू सरकारच्या एल्कॉट या कंपनीमार्फत झालेल्या प्रचंड ऑर्डरमुळे. ती ऑर्डर पुरी झाली की पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत 'लेनोव्होची मोठी घसरण' असा मथळा ठरलेलाच. ना तेव्हा लोकांना लेनोव्हो अचानक आवडू लागला होता, ना नंतर नावडता झाला.

त्यामुळे भारताचे आकडे बघताना घरगुती आणि व्यावसायिक असे दोन भाग अहवालात वेगळे दिलेले असतात, ते वाचायचे. सरकारी, बँकांच्या, आयटी कंपन्यांच्या खरेदीतला पहिला आणि दुकानातून घरी नेणाऱ्यांमधला पहिला यांत मोठं अंतर असू शकतं.

मग बेळगावात कोण पुढे?

जिल्ह्याचे आकडे कुणी जाहीर करत नाही. देशाचे होतात, कधीमधी मोठ्या शहरांचा उल्लेख येतो, बस्स. 'बेळगाव मार्केटमध्ये आमचा ४० टक्के शेअर' असं एखादा सेल्समन सांगत असेल तर तो त्याच्या वितरकाच्या बिलांवरून बोलतोय.

आणि सीमाभागात तर वितरकाची बिलंही पुरी कहाणी सांगत नाहीत. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. तो लॅपटॉप तिकडून आणणार, वापरणार इकडे. कंपनीच्या वहीत तो नग महाराष्ट्राचा. खानापूरचं पोरगं पणजीला नोकरीला असतं, येताना तिकडून घेऊन येतं. पुण्यात शिकणारी मुलगी ऑनलाइन मागवते तो हॉस्टेलच्या पत्त्यावर, सुट्टीत तो बेळगावच्या शहापुरातल्या घरी पोचतो. उलटही होतं, चंदगडकडची गिऱ्हाईकं बेळगावच्या बाजारात येतात. राज्य पुनर्रचनेनं आखलेली रेघ कंपन्यांच्या सेल्स विभागानं जशीच्या तशी उचलली आहे. एका कंपनीचा मराठी बोलणारा साहेब कोल्हापूरला बसतो, पण इथल्या डीलरचा हिशेब हुबळी किंवा बंगळूरशी. लोकांची खरेदी ती रेघ मानत नाही, इतकंच.

तरी अंदाज काढायचाच असेल तर दुकानदारांना विचारू नका, ते ज्यात मार्जिन त्याचं नाव घेणार. दुरुस्तीवाल्याला विचारा, पण त्याच्याकडे येतात ते तीन-चार वर्षांपूर्वी विकलेले. बॅग आणि ॲडॉप्टर विकणाऱ्याला विचारा : कुठल्या पिनचा चार्जर जास्त जातो? यातलं काहीच शास्त्रशुद्ध नाही. पण सेल्समनच्या ४० टक्क्यांपेक्षा बरं.

"आमच्या गल्लीत सगळ्यांकडं एचपीच हाय की!" हा पुरावा चालत नाही का?

तो विक्रीचा पुरावा नाही, वापराचा आहे. डोळ्यांना दिसतात ती गेल्या सात-आठ वर्षांत घेतलेली सगळी मशीन. यंदाच्या विक्रीचा वाटा म्हणजे त्यातला एक पातळ थर.

याचं सगळ्यात पक्कं उदाहरण म्हणजे आपल्याकडची डीटीपीची दुकानं. लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या पावत्या, निवडणुकीची पत्रकं. मराठी श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडीत, दोन्ही एकाच टेबलावर. कोपऱ्यात एक जुना असेंबल्ड डेस्कटॉप असतो, कॅबिनेटचं एक झाकण काढून ठेवलेलं, आत पंखा घरघरतोय, मागच्या पोर्टमध्ये श्रीलिपीचं लॉक, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला लागणारी किल्ली, खोचलेलं आणि त्यावर सेलोटेप, कुणी चुकून काढू नये म्हणून. विंडोज एक्सपी किंवा सेव्हन. मालकाला नवीन मशीन परवडत नाही असं नाही. पण हजारो पत्रिकांच्या जुन्या फायली त्या फाँटमध्ये आहेत, ते लॉक त्या मशीनवर चालतंय, आणि लग्नसराईत प्रयोग कोण करणार? हे मशीन रोज दहा तास काम करतं आणि बाजाराच्या वहीत गेली कित्येक वर्षं त्याची नोंद शून्य आहे.

स्टॅटकाउंटरसारख्या ठिकाणी 'विंडोजचा वाटा इतका, मॅकचा इतका' असे आकडे दिसतात, तेही विक्रीचे नव्हेत. ठरावीक वेबसाइटना कुठल्या यंत्रावरून भेटी आल्या त्याची ती मोजणी आहे. आपलं डीटीपीवालं मशीन इंटरनेटलाच जोडलेलं नसेल तर तिथेही ते नाही.

असेंबल्ड पीसी कुणाच्या खात्यात जातो?

'इतर'. एकेकाळी भारतातल्या डेस्कटॉपमध्ये असेंबल्डचा भाग फार मोठा होता. प्रोसेसर इंटेलचा, मदरबोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, कॅबिनेट तिसऱ्याचं आणि वॉरंटी जोडणाऱ्याच्या शब्दाची. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये कॅडची ड्रॉइंगं काढायला आजही लोक असं मशीन जोडून घेतात, कारण त्याच पैशांत ग्राफिक्स कार्ड चांगलं बसतं आणि पुढे रॅम वाढवता येते. गेमिंगवाली पोरंही तेच करतात. मोजणाऱ्या संस्था सुट्या भागांवरून अंदाज बांधतात, पण तो नग कुठल्याच ब्रँडच्या नावानं लागत नाही. त्यामुळे 'ब्रँडेडमध्ये वाटा' आणि 'एकूणात वाटा' हे दोन वेगळे आकडे निघतात, आणि जाहिरातीत पहिला वापरतात.

सेकंडहँड, रिफर्बिश्ड धरतात का?

नाही. बेळगावात बंगळूरच्या आयटी कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप किती खपतात ते बघता हे मोठंच भोक आहे. पाच वर्षांचा लेनोव्होचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड घेतला की त्या घरात नवीन स्वस्त लॅपटॉप जाण्याचा प्रश्नच मिटला. जुना माल नव्याची विक्री खातो, पण आकड्यात दिसत नाही.

कंपन्या विकत घेऊन वाढलेला वाटा 'वाढ' मानायचा का?

मानतात, पण सांगितलं पाहिजे. या धंद्यात वरचे नंबर बरेचसे असेच झालेत. २००२ मध्ये एचपीनं कॉम्पॅक घेतली. कॉम्पॅक तोवर स्वतःच एक काळ जगात पहिली होती. आयबीएमनं १९८१ मध्ये ज्या पीसीनं हा सगळा बाजार उभा केला, तो पीसीचा धंदा २००५ मध्ये लेनोव्होला देऊन टाकला, सौदा १.७५ अब्ज डॉलरचा. थिंकपॅड तेव्हापासून लेनोव्होचा. पुढे लेनोव्होनं २०११ मध्ये जपानच्या एनईसीशी संयुक्त कंपनी केली, २०१८ मध्ये फुजित्सूचा पीसी धंदा आपल्या बाजूला घेतला. एसरनं २००७ मध्ये गेटवे घेतली. २०१३ मध्ये लेनोव्हो एचपीला ओलांडून जगात पहिली झाली, त्यामागे चीनची मोठी बाजारपेठ होती आणि ही खरेदीही होती. डेल मात्र बराच काळ थेट विक्रीच्या जोरावर चढली, दुसऱ्याचा वाटा विकत न घेता. म्हणून डेलची २००१ च्या सुमाराची वाढ मला जास्त वजनदार वाटते.

वाटा जास्त म्हणजे नफाही जास्त का?

अजिबात नाही. पहिल्या नंबरावरच्या कंपनीला या धंद्यातून बाहेर पडावंसं वाटलं होतं हे कितीजणांना आठवतं? ऑगस्ट २०११ मध्ये एचपी जगातली पहिली पीसी कंपनी होती, आणि तेव्हाच तिचे प्रमुख लिओ आपोथेकर यांनी पीसी विभाग वेगळा काढण्याचा विचार जाहीर केला. कारण उघड होतं, नग प्रचंड आणि सुटणारा पैसा थोडा. शेअर आपटला, महिन्याभरात आपोथेकर गेले, मेग व्हिटमन आल्या आणि ऑक्टोबरात निर्णय फिरवला. शेवटी २०१५ मध्ये कंपनीचे दोन भाग झालेच.

सोनीनं २०१४ मध्ये वायो सोडून दिला, तोशिबानं २०१८ मध्ये आपला पीसी धंदा शार्पकडे दिला. लॅपटॉप लोकांना आवडत नव्हते म्हणून नव्हे. विंडोज मायक्रोसॉफ्टचं, प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा, मग पीसी बनवणाऱ्याच्या हातात भाव पाडण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. ज्याचे नग जास्त त्याला सुटे भाग थोडे स्वस्त पडतात, एवढाच वाट्याचा खरा फायदा. लहानांना तोही नाही.

खालच्या टोकाला हीच गोष्ट. सगळ्यात जास्त खपणाऱ्या मॉडेलवर आपल्या डीलरला सगळ्यात कमी सुटतं. त्याचं पोट माऊस, बॅग, अँटिव्हायरस आणि रॅम वाढवण्यावर चालतं.

सरकारनं लॅपटॉपच्या आयातीवर बंधन घातलं होतं, त्याचा परिणाम दिसला का?

३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉप, टॅबलेट वगैरेंच्या आयातीला परवाना लागेल असा आदेश निघाला, दुसऱ्याच दिवशी तो १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलला आणि नंतर परवान्याऐवजी आयातीची आगाऊ नोंदणी आणि देखरेख अशी व्यवस्था आली. अशा वेळी कंपन्या आधीच माल आणून ठेवतात, त्यात समोर दिवाळी होती. म्हणून २०२३ च्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीची वाढ थोडी चाळणीतूनच बघायची. त्याच वर्षी मे महिन्यात आयटी हार्डवेअर इथे बनवण्यासाठी १७,००० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तिचा परिणाम वाट्यावर कुणाच्या बाजूनं पडेल हे इथे जुळणी कोण किती करतो त्यावर.

विंडोज १० बंद झाल्यामुळे विक्री वाढते का?

वाढते, पण उसनी. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कार्यालयं आणि बँकांना मशीन बदलणं भागच असतं, ती पुढच्या दोन वर्षांतली खरेदी आधी करतात. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला तेव्हा आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला तेव्हाही हे झालं होतं. घरातला माणूस काही बदलत नाही. तो विचारतो, "चालालंय की, कशाला बदलू?"

लॅपटॉप घेताना मार्केट शेअर बघावा का?

थोडासा. पहिल्या पाच-सहात असलेल्या कंपनीचे सुटे भाग मिळतात, जुनी बॅटरी चार वर्षांनी शोधता येते, इतपत उपयोग आहे. त्यापुढे पहिला की तिसरा यानं तुमच्या कीबोर्डला काही फरक पडत नाही. त्यापेक्षा बेळगावात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, की घरी येऊन दुरुस्त करून देतात, आणि भाग बंगळूरहून यायला किती दिवस लागतात, हे विचारा. खानापूर किंवा अथणीत राहत असाल तर 'ऑनसाइट वॉरंटी' तुमच्या पिनकोडला लागू आहे का ते बिल करण्याआधी तपासून घ्या. हा प्रश्न विचारल्यावर काउंटरवर जी शांतता पसरते ती शेअरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते.

जाहिरातीत 'नंबर वन' लिहिलेलं असतं, ते खोटं असतं का?

बहुतेक वेळा खरं असतं, खाली बारीक अक्षरात अटींसह. 'अमुक संस्थेनुसार, तमुक तिमाहीत, अमुक किमतीवरच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये.' प्रकार पुरेसा बारीक कापला की प्रत्येकाला आपापला पहिला नंबर मिळतो. फुलीखालची ओळ वाचा.

हे आकडे कधी येतात आणि कुठले धरावेत?

जगाचे प्राथमिक आकडे तिमाही संपल्यावर दहा-पंधरा दिवसांत येतात, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. भारताचे त्यानंतर महिनाभरानं. निवेदनं फुकट वाचता येतात, सविस्तर अहवालांना पैसे पडतात, ते आपल्यासाठी नाहीत.

'प्राथमिक' हा शब्द मात्र डोळ्यांआड करू नका. जानेवारी २०२३ मध्ये आयडीसीनं २०२२ ची बेरीज २९.२३ कोटी दिली होती. वर्षानं २०२३ ची २५.९५ कोटी आली आणि घट दिली १३.९ टक्के. कॅल्क्युलेटर घ्या : २९.२३ वरून २५.९५ म्हणजे साधारण ११.२ टक्केच घट होते. चूक कुणाची नाही. मधल्या वर्षात जास्त माहिती हाती आली आणि २०२२ चा आकडा सुधारून ३० कोटींच्या थोडा वर गेला होता. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना जुनं कात्रण आणि नवं कात्रण शेजारी ठेवून वजाबाकी करू नका. ताज्या निवेदनाच्या तक्त्यात मागच्या वर्षाचा रकाना दिलेला असतो, तोच घ्या.